गुडघ्याएवढी पाटी

उत्तम पेंटरचं अक्षर लांबून ओळखू यायचं. त्याचा ‘म’ पाटावर मांडी घालून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा ऐसपैस असायचा. वेलांटी काढताना त्याचा हात इतका सावकाश वळायचा, की रस्त्यानं जाणारा माणूस ती वेलांटी शेवटाला पोचेपर्यंत पिशवी हातात धरून उभा राहायचा. वेलांटी पुरी झाली की उत्तम मागं न बघता म्हणायचा, "झाली, जा आता."

जुन्नरच्या अंगाला त्याचं गाव. मिसरूड फुटलं तेव्हा माळशेज घाट उतरून तो कल्याणात आला आणि एका जुन्या पेंटरच्या हाताखाली राहिला. त्या उस्तादानं त्याला ब्रश धरायला शिकवलं, रंगात टर्पेंटाइन किती घालायचं ते शिकवलं आणि धंद्याचं एकच सूत्र दिलं. चालता माणूस थांबला पाहिजे. थांबला तर ती पाटी, नाहीतर नुसता पत्रा. उत्तमनं ते गाठीला बांधलं. सलून, पिठाच्या गिरण्या, सायकलची दुकानं, ज्योतिषी, दातांचे डॉक्टर, सगळ्यांसाठी त्यानं चालती माणसं थांबवली. अक्षराला सावली, सावलीला कड आणि कडेला वेल. डोंबिवली पूर्वेच्या बाजारात एके काळी पाच पावलं चाललं की उत्तमचा एक वेल भेटायचा.

मग फ्लेक्स आला. भिंती झाकल्या, खांब झाकले, दुकानांची तोंडं झाकली. उत्तमच्या वाट्याला उरले ते बिल्डिंगींच्या पार्किंगमधले आकडे आणि ‘येथे गाड्या धुवू नयेत’. त्याहून गंमत अशी, की त्याची लेक ऐश्वर्या शिकून नोकरीला लागली ती स्टेशनजवळच्या फ्लेक्सच्याच दुकानात. दिवसभर ती कॉम्प्युटरवर लोकांच्या वाढदिवसांचे फोटो चिकटवायची आणि रात्री बापाच्या शेजारी जेवायला बसायची.

"पप्पा, आज एका बॅनरला तुमच्यासारखा वेल टाकला. क्लिक केलं, आला."

"सुकला का?"

"फ्लेक्स सुकत नाय पप्पा."

"मग तो वेल कसला. रंग सुकेपर्यंत माणसाला धीर धरावा लागतो. तुमच्यात कोणाला धीरच नाय."

"टेन्शन नका घेऊ, भाजी घ्या," ऐश्वर्या म्हणायची. उत्तमची बायको रमाबाई दोघांच्या ताटात निमूट भाकरी टाकायची. तिला दोघांचं पटत होतं आणि दोघांचंही पटत नव्हतं.

एका पावसाळ्याच्या शेवटाला शीळफाट्याजवळच्या एका उंच इमारतीच्या पार्किंगमध्ये उत्तम आठचा आकडा काढत बसला होता. पायात बूट, डोक्यावर टोपी अशा एक बाई लिफ्टमधून उतरल्या आणि त्याच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. साठी उलटलेली, पण पाठ ताठ.

"हा आठ तुम्ही काढलात?"

"आकडा काय, कोणी पण काढेल," उत्तम म्हणाला. "तुम्ही माझं अक्षर बघा."

त्या हेमाताई. बँकेतून निवृत्त झालेल्या, आणि इमारतीमागच्या करवंदी टेकडीचं वेड लागलेल्या. ह्या टेकडीवर पूर्वी फक्त गुराखी आणि गवत कापणाऱ्या बाया जायच्या. मग भोवती इमारती उठल्या, आणि त्यांतली माणसं सकाळची चालायला टेकडीवर जाऊ लागली. एका बाजूनं चढायचं, माथ्यावरून वाऱ्यात चालायचं, पलीकडच्या तळ्यावर उतरायचं. हेमाताईंनी चालणाऱ्यांची एक समिती केली होती. समितीनं कचरा उचलला, झाडं लावली, पण एक अडचण काही सुटेना. नवखा माणूस हमखास चुकायचा.

चुकायचा तो माथ्यावरच्या फाट्याला. तिथून डावीकडची वाट तळ्याकडे जाते. ती बारीक, लाजरी, गवतातून अंग चोरून जाणारी. समोरची वाट मात्र रुंद. ती उतरते काळुरामच्या गोठ्यात, कारण ती म्हशींनीच पाडलेली. रुंद वाट दिसली की माणसाचे पाय तिकडेच वळतात, आणि मग तळ्यावरची बगळ्यांची रांग बघायला निघालेली मंडळी काळुरामच्या म्हशींसमोर जाऊन उभी राहतात.

"समितीतल्या बऱ्याच जणांना छापील पाट्या हव्या आहेत," हेमाताई म्हणाल्या. "मी म्हटलं, आधी हाताच्या करून बघू. पण अट आहे, उत्तमराव. मार्गशीर्षात एका रविवारी डोंबिवलीची काही मंडळी येणार आहेत. त्यांनी ही टेकडी कधी पाहिलेली नाही. बरोबर आपल्यातलं कोणीही जाणार नाही, कोणी काही सांगणार नाही. नुसत्या पाट्या बघून ती सगळी तळ्यावर पोचली, तर ह्या टेकडीच्या पाट्या कायम तुमच्याकडे. चुकली, तर छापील."

उत्तमनं ब्रश डब्यात उभा केला. किती वर्षांत कोणी त्याच्या हातावर पैज लावली नव्हती. आणि छापील पाट्या छापणार कुठं, तर स्टेशनजवळ. म्हणजे लेकीच्या दुकानात.

"एक माणूस चुकणार नाय, मॅडम," तो म्हणाला.

पत्र्याच्या पाट्या त्यानं जीव ओतून केल्या. ‘तळ्याकडे’ ह्या शब्दाला अशी सावली दिली, की ‘ळ’ पाण्यात उभा आहे असं वाटावं. कडेनं करवंदीची जाळी काढली, जाळीवर बुलबुल बसवला. बाणाला शेपटी दिली, शेपटीला पिसं दिली. पाट्या लागल्या त्या सकाळी टेकडीवर गर्दी झाली. लोक थांबले. पाटीला पाठ लावून फोटो काढले, बुलबुलासोबत काढले, आणि फोटोत बघत बघत रुंद वाटेनं खाली गोठ्यात उतरले.

"सुंदर आहेत," हेमाताई म्हणाल्या. "इतक्या सुंदर आहेत, की कोणी बाणाकडे बघितलंच नाही."

उत्तमला यातलं फक्त ‘सुंदर’ ऐकू आलं.

पण पत्रे टिकले नाहीत. आठ दिवसांत एकेक करून भंगारात गेले. एक तर पुढं काळुरामच्या गोठ्याच्या खिडकीला ठोकलेला सापडला, बुलबुलासकट. काळुराम म्हणाला, भंगारवाल्याकडून घेतला. उत्तमनं वाद घातला नाही. खिडकीला तो शोभत होता.

आता असं काहीतरी हवं होतं, जे उचलून नेता येणार नाही. टेकडीवर दगडांना तोटा नव्हता. उत्तमनं ठरवलं, वाटेतल्या दगडांवरच बाण काढायचे. रंग त्याच्याकडे होता. एका देवळाच्या छताचं काम करून उरलेला, झगझगीत शेंदरी ऑइल पेंट. हिरव्या गवतात शेंदरी कसा उठून दिसतो, ते त्यानं डोळे मिटून बघितलं आणि खूश झाला. वाटेतले आडवे, पसरट दगड त्यानं रंगवले, वर पांढरे बाण काढले. फाट्यावर मात्र एक छान उभा दगड होता, कमरेएवढा, वर गोलसर. तो त्यानं चारी अंगांनी शेंदरी केला, रंगाचे दोन हात दिले, आणि त्यावर डावीकडे जाणारा बाण काढला. लांबून बघितलं. टेकडीच्या कपाळाला टिळा लावल्यासारखं दिसत होतं.

गोठ्यातल्या हौसाबाईंनाही तसंच दिसलं असणार. हौसाबाई म्हणजे काळुरामची आई. वाकलेली, डोक्यावर गवताचा भारा, पण नजर घारीसारखी. दुसऱ्या दिवशी उत्तम हात पुसत फाट्यावर आला, तर दगडापुढं जास्वंदीचं ताजं फूल. तिसऱ्या दिवशी झेंडूची माळ. चौथ्या दिवशी कोणीतरी नारळ फोडलेला, आणि पांढऱ्या बाणावर खऱ्या शेंदराचा तेलकट थर.

"आज्जी, हे काय केलंत?" उत्तमनं विचारलं.

"मना काय ठाव," हौसाबाई म्हणाल्या. "सकाली गवताला आलू तं दगराला शेंदूर. कोनाचा नवस असंल. मी आपला फूल ठेवला."

"अहो, ऑइल पेंट आहे तो."

"असूं दे. देवाला चालतंय."

"देव नाही, बाण आहे त्याच्यावर."

हौसाबाईंनी दगडाकडे मान वाकडी करून बघितलं. "बान हाय? मंग रामाचा असंल," म्हणाल्या, आणि हात जोडून, भारा सावरून निघून गेल्या.

त्यानंतर टेकडी चढून येणारा जो तो फाट्यावर थांबू लागला. बूट काढायचा, हात जोडायचा, डोळे मिटायचा, आणि मग प्रसन्न चेहऱ्यानं थेट गोठ्यात उतरायचा. आधी दहांतले सहा चुकायचे, आता आठ. देवाला दिशा कोण विचारणार? काळुरामनं गोठ्याबाहेर एक बाकडं टाकलं आणि ताक विकायला सुरुवात केली.

"पेंटर, तुजा उपकार हाय," तो भेटेल तिथं म्हणायचा.

हेमाताई हसल्या, पण थोड्याच. "रविवार जवळ आला, उत्तमराव."

उत्तमनं शेजारीच दुसरा एक दगड उभा केला, थोडा ठेंगणा, आणि त्यावर भला मोठा बाण काढला. रंग तोच शेंदरी, कारण डब्यात तोच होता. दोन दिवसांनी त्या दगडाला हळदकुंकू लागलं, आणि वर हिरव्या खणाचा तुकडा. हौसाबाई म्हणाल्या, बरं केलंस, एकटाच होता बिचारा.

घरी ऐश्वर्या हसून हसून भिंतीला टेकली. "म्हणजे पप्पा, लग्न लावून दिलं तुम्ही. आता एक छोटा दगड पण रंगवा."

"चेष्टा नको करू. रंग बदलतो मी."

"कुठला घेणार?"

उत्तम विचारात पडला. भगवा घेतला तरी देव, पिवळा घेतला तर भंडारा, हिरवा गवतात बुडणार, लाल म्हणजे कुंकू. जो रंग देवाचा नाही तो कुठल्या ना कुठल्या पक्षाचा. पेंटरच्या आयुष्यात त्याला पहिल्यांदाच वाटलं, की ह्या जगात मोकळा रंगच उरलेला नाही. शेवटी तो पांढऱ्यावर आला. तळ्याच्या वाटेच्या तोंडाशी त्यानं तीन दगड चुन्यासारखे पांढरेशुभ्र केले, आणि बाण काढायला काळा रंग आणण्यासाठी खाली उतरला.

वर येतो, तर काळुराम त्या दगडांपाशी उघड्या अंगानं उभा. शेणाचे हात तसेच, धुवायलाही थांबला नव्हता.

"पेंटर, खरा सांग. कोनी मोजनी लावली? बिल्डर हाय का सरकार?"

"कसली मोजणी?"

"दगराला पांढरा लावला म्हंजे हद्द टाकली. तुला काय वाटला, मना कलत नाय? ही माजे बापाची जागा हाय. शीलफाट्याला मोजनी आलेली तवा असलेच दगर टाकलेले. नंतर काय झाला बघ. आता तिथं चोवीस मजले."

उत्तमनं त्याला समजावलं, डब्यातला काळा रंग दाखवला, बाण काढून दाखवायची तयारी दाखवली. काळुरामला बाण नको होता, पांढरं काहीच नको होतं. शेवटी दोघांनी मिळून ते तीन दगड उचलून झुडपात टाकले. मग काळुरामनं त्याला गोठ्यात नेऊन ताक पाजलं. ताक झकास होतं. उत्तमला त्याचाही राग आला.

त्या संध्याकाळी तो हेमाताईंकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो कोणाला सांगत होता, की आपल्याला जमत नाही. नेमकं कसं सांगावं ते कळेना, म्हणून तो टोपी हातात घेऊन ‘दगडच बरोबर नाहीत’ म्हणाला.

हेमाताईंनी चहा पुढं केला. "मी बँकेत होते ना, तेव्हा खिडकीवर मोठी पाटी होती, ‘स्लिप भरून आणा’. कोणी भरून आणायचं नाही. मी वर्षभर चिडले. मग एक दिवस मी गिऱ्हाइकाच्या रांगेत उभी राहिले. तिथून पाटी दिसतच नव्हती. पुढच्या माणसाचं डोकं दिसत होतं." त्यांनी बशी खाली ठेवली. "तुम्ही पाटी रंगवता तेव्हा पाटीकडे तोंड करून बसता, उत्तमराव. एक दिवस तिच्याकडे पाठ करून बसा."

बोलणं उत्तमला लागलं. रागानं नाही, काटा लागतो तसं. रात्री तो कुशीवर वळून पडला, तर ते बोलणंही त्याच्याबरोबर वळलं. खरंच, इतकी वर्षं माणसं त्याच्या पाठीमागंच उभी राहिली होती. ती थांबतात एवढं त्याला माहीत. थांबून काय करतात, कुठं बघतात, पिशवी ह्या हातातून त्या हातात घेताना मान कुणीकडे वळते, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

सकाळी तो डबा, ब्रश, काही न घेता टेकडी चढला आणि फाट्यापाशी करवंदीच्या जाळीत बसला, देवाकडे पाठ करून, येणाऱ्या माणसांकडे तोंड करून. दव होतं. गवताची टोकं पिकून सोनेरी झाली होती, आणि खालच्या हमरस्त्याचा घोंघाट वर येईपर्यंत मधमाश्यांच्या गुणगुणण्याएवढा बारीक होत होता. रिकाम्या हातानं नुसतं बसायचं, ही गोष्ट उत्तमला जड गेली. मग हळूहळू मजा वाटू लागली.

माणसं येत होती. कोणी धापा टाकत, कोणी मोबाइलवर बोलत, कोणी सुनेबद्दल सांगत. दगडापाशी आली, की बूट काढत. हात जोडत. आणि मग, हे उत्तमनं पहिल्याच माणसात बघितलं पण त्याला दहाव्या माणसात कळलं, मग ती खाली बसत. दगडासमोर एक सपाट शिळा होती, बाकड्यासारखी. बूट घालायला, नाड्या बांधायला माणूस त्या शिळेवरच बसे. त्या शिळेवर बसलं, की तोंड होई गोठ्याच्या वाटेकडे. मान खाली, हात नाडीत, जीभ बोलण्यात. गाठ बसली, की गुडघ्यांवर हात टेकून माणूस उठे आणि ज्या दिशेला तोंड असेल त्या दिशेला चालू लागे. बाण डोक्यामागं राही, देवासोबत.

उत्तम जाळीतून उठला. रस्ता मोकळा बघून तो स्वतः त्या शिळेवर बसला. चप्पल काढली, घातली, नाडी नव्हती तरी बांधल्यासारखं केलं. मान खाली होती तेव्हा त्याला काय दिसलं, तर पायाचा अंगठा, थोडं गवत, आणि समोर गोठ्याच्या वाटेच्या कडेला पडलेला एक बुटका दगड. गुडघ्याएवढाही नाही. ह्या दगडाला तो आजवर पाच वेळा तरी ठेचकाळला होता.

"तू होय," तो दगडाला म्हणाला.

रंगाचा प्रश्न राहिला होता. तो सुटला घरी येताना, खाली शीळफाट्यावर रिक्षाची वाट बघत असताना. काळी पिवळी रिक्षा समोर येऊन थांबली, ड्रायव्हरनं नुसती भुवई उडवली, आणि उत्तमनं न विचारता सांगितलं, "डोंबिवली स्टेशन." बसता बसता त्याला हसू फुटलं. रिक्षाला प्रवासी कधी हात जोडत नाही. तिच्यामुळं कोणाला जमिनीची भीती वाटत नाही. ती दिसली, की माणसाच्या मनात एवढंच येतं, कुठं जायचंय.

"काळ्यावर पिवळा," रात्री त्यानं ऐश्वर्याला सांगितलं.

तिनं घास थांबवला. "हे मात्र भारी आहे पप्पा. आणि वेल कुठला काढणार?"

"वेल नाय."

"सावली?"

"नाय. ‘तळं’ आणि बाण. बास."

ऐश्वर्यानं आईकडे बघितलं. रमाबाईंनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

बुटक्या दगडाचं तोंड घासून त्यानं सपाट केलं, काळा रंग दिला, आणि त्यावर पिवळ्यानं जाड, ठेंगणी अक्षरं काढली. अनुस्वाराला थोडं वळण द्यायचा मोह झाला होता, तो आवरला. जी माणसं नमस्काराला न थांबता जातात त्यांच्यासाठी तसलाच एक दगड अलीकडे केला, जिथं चढ संपतो आणि माणूस पहिल्यांदा मान वर करतो. दोन शेंदरी दगडांना त्यानं हात लावला नाही. हौसाबाईंनी त्यांना आता पत्र्याचं छप्पर घालायचं ठरवलं होतं.

रविवार उजाडला. हेमाताई आणि समितीची माणसं आधीच तळ्यावर जाऊन बसली. उत्तम करवंदीच्या जाळीत बसला, आणि सुट्टी म्हणून ऐश्वर्याही त्याच्याशेजारी.

"आवाज करायचा नाय," त्यानं बजावलं. "कोण चुकलं तरी सांगायचं नाय. पैज आहे."

"पप्पा, तुम्हीच श्वास घ्या आधी."

डोंबिवलीची मंडळी आली. पुढं दोन काका, गुडघ्यांच्या ऑपरेशनवर बोलत. बूट काढले, हात जोडले, शिळेवर बसले. "अरे, माझ्या डॉक्टरनं तर लिफ्टसुद्धा वापरू नको म्हणून..." म्हणत पहिल्यानं नाडी ओढली, समोर बघितलं, उठला आणि बोलणं न थांबवता डावीकडे वळला. दुसरा त्याच्या मागं. त्यानं बघितलं हे त्याला स्वतःलाही कळलं नसेल. मग एक तरुण जोडपं, मग तीन मैत्रिणी, मग टोपीवाले आजोबा. एकेक जण बसत होता, वाकत होता, उठत होता आणि डावीकडच्या लाजऱ्या वाटेनं गवतात शिरत होता. उत्तमच्या छातीत काहीतरी पिकलेल्या करवंदासारखं गोड झालं.

मग शेवटच्या दोघी आल्या. एकीच्या पायात बूट, दुसरीच्या पायात साध्या चपला. चपलावाली दगडाच्या पाया पडली, उभ्या उभ्या चपलांत पाय सरकवले आणि सरळ गोठ्याच्या वाटेला लागली. चपलेला नाडी नसते. उत्तमनं ह्या माणसाचा विचारच केला नव्हता.

ती चार पावलं उतरली. सहा. ऐश्वर्याचं तोंड उघडलं, तर उत्तमनं तिच्या मनगटाला धरलं. खाली काळुरामच्या म्हशीनं हंबरून जणू त्या बाईचं स्वागतच केलं.

"अगं आसावरी," शिळेवर बसलेली बूटवाली नाडीतून मान वर न काढता म्हणाली, "तिकडं कुठं निघालीस? तळं इकडं लिहिलंय."

"कुठं?"

"हे काय, समोर. डोळे देवाला देऊन आलीस काय?"

आसावरी परत फिरली. वाकून दगड बघितला, "एवढुसा," म्हणाली, आणि दोघी हसत डावीकडे गेल्या.

उत्तमनं लेकीचं मनगट सोडलं. तिच्या हातावर त्याच्या बोटांचे वळ उठले होते. "चपलावाल्यांसाठी अजून एक पाहिजे," तो पुटपुटला.

तळ्यावर सगळी पोचली होती. बगळे होते, ऊन होतं, डब्यांतून थालीपीठं निघाली होती. हेमाताईंनी टाळी वाजवून सगळ्यांना विचारलं, "काय, आमच्या पाट्या कशा वाटल्या?"

मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

"पाट्या?" गुडघ्याचे काका म्हणाले. "होत्या का? आम्हांला काही लागल्या नाहीत हो. वाट सरळच आहे तुमची. कोण चुकणार इथं?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. उत्तम मागं उभा होता. ज्याच्या वेलांटीसाठी बाजार थांबायचा, त्याचं काम आज कोणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. त्याचा चेहरा आधी पडला. मग हेमाताईंशी त्याची नजर भेटली, आणि त्या गालातल्या गालात हसताना दिसल्या, तसा तोही हसायला लागला, इतका की बगळे उडाले.

"उत्तमराव," हेमाताई म्हणाल्या, "टेकडी तुमची. आणि पलीकडच्या उताराच्या पाट्या कधी सुरू करताय?"

"मॅडम, आधी चार दिवस नुसता बसेन तिथं. मग सांगतो."

"दुकानात सांगू का, की ऑर्डर गेली?" ऐश्वर्यानं विचारलं.

"सांग. आणि तुझ्या मालकाला म्हणावं, काय अडलं तर पप्पांना विचारा."

तेवढ्यात टेकडीवरून काळुराम उतरताना दिसला. डोक्यावर ताकाचं कॅन, तोंड कडू. उत्तमजवळ येऊन त्यानं कॅन खाली ठेवलं.

"पेंटर, सकालपासून एक पन मानूस गोठ्याला आला नाय. म्हशी वाट बघून बसल्यात. मना पन एक पाटी करून दे. ताक हाय म्हून लिव. त्या दगरावर, तुज्या बानाच्या खाली."

"तिथं नाय चालणार. तिथं माणूस नाडी बांधत असतो, ताकाचं कोणाला सुचतंय."

"मंग कुटं?"

उत्तमनं ताकाचा ग्लास घेतला आणि तळ्याच्या काठावर बसला, पाण्याकडे पाठ करून. टेकडी उतरून अजून एक म्हातारा येत होता, नेहमीचा, सावकाश. उत्तम त्याच्याकडे टक लावून बघू लागला.

"थांब जरा," तो काळुरामला म्हणाला. "ह्याला तहान कुठं लागते ते बघू दे."